ताईला ऐकू आलं ती दुपार

आमचं सहलीचं जहाज किनाऱ्यापासून बरंच लांब नांगरलं होतं. छोट्या मोटरबोटीतून आम्हाला बेटावर आणून सोडलं आणि संध्याकाळपर्यंत मोकळं केलं. जहाजावरची न्याहारी भावोजींनी अशी काही हाणली होती, की धक्क्यावर पाय ठेवताच ते म्हणाले, "मी झाडाखाली आडवा होतो. तुम्ही बहीणभाऊ फिरा. बेट काही पळून जात नाही."

ताई हसली. तिनं त्यांचे ओठ वाचले होते. लहानपणी तिला मोठा ताप आला, आणि उतरताना दोन्ही कानांचं ऐकणं घेऊन गेला. बोलणं तेवढं राहिलं. मी शेंडेफळ. तिच्यामुळेच मी कान तपासण्याचं शिक्षण घेतलं. माझ्या केंद्रातल्या आवाजबंद खोलीत तिला किती वेळा बसवलं असेन, त्याला गणती नाही. आलेखावरची रेघ नेहमी तळाला. यंत्रांचा उपयोग नाही, शस्त्रक्रियेचाही नाही. या बाबतीत माझ्या मनात शंकेला जागा नव्हती.

बेटावर एकच रस्ता होता. पत्र्याच्या छपरांची घरं, वाळत टाकलेली जाळी, होड्या दुरुस्त करायची शेड, तिथून येणारा ओल्या रंगाचा वास. माझे कान धंद्यामुळे जरा जास्तच चौकस. कुठे रेडिओ लागला नव्हता. शेडमधला सुतार काही ठोकत नव्हता, फळी नुसती घासत होता. एका घराचं दार वाऱ्यानं लागलं, पण आपटलं नाही. चौकटीला आतून कापडाची जाड पट्टी लावलेली होती. पुढच्या घरालाही होती.

"किती शांत लोक आहेत," मी ताईला म्हणालो.

"मला काय सांगतोस छोट्या, मला सगळं जग शांतच," ती म्हणाली आणि खळखळून हसली. तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. सुतारानं हात थांबवून आमच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

रस्ता संपला तिथे खाडीसारखं उथळ पाणी होतं. पलीकडे प्रवाळाचा बांध, त्यावर लाटा फुटत होत्या. आत मात्र पाणी काचेसारखं, गुडघाभर, तळाची वाळू दिसणारं. सावलीत एक बाई शहाळी घेऊन बसली होती. आम्ही दोन घेतली. ताईनं एक घोट घेतला आणि एकदम मान वळवली.

"कोण आहे?"

"कुठे?"

"आवाज येतोय, छोट्या."

मी कसनुसा हसलो. पायांतून जाणवलेला हादरा कधीकधी बहिऱ्या माणसाला आवाजासारखा वाटतो. लांब कुठे जनरेटर असेल. मी तिच्या मागे जाऊन जोरात हाक मारली, "ताई!" ती वळली नाही. म्हणजे कान होते तसेच होते. पण चेहरा? लहान मूल झोपेतून उठून आईचा आवाज ओळखतं, तसा तो झाला होता.

शहाळेवालीनं माझा दंड धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

तोवर ताई पाण्यात उतरली होती. साडी भिजत होती, तिला भान नव्हतं. ती गुणगुणत होती. आयुष्यात मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. एकच सूर, खालचा, लांबलचक, तसूभर न ढळणारा. मी तिच्या मागे धावलो, कारण ती खोल पाण्याकडे चालली होती.

मग लाटांचा आवाज थांबला.

लाटा थांबल्या नव्हत्या. बांधावर फेस तसाच उडत होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या पायांनी पाणी उडत होतं, तेही मुकं. मी ताईला हाक मारली, घशात कंप जाणवला, आवाज नाही. घाबरून, सवयीनं, मी तेच केलं जे तान्ह्या बाळांना ऐकू येतं का पाहायला त्यांच्या कानाशी करतो. जोरात टाळी वाजवली.

काहीच नाही.

तेवढ्यात पाण्यावर रेषा उमटल्या. ताईभोवती आधी एक वर्तुळ, मग त्यातून दुसरं, मग वर्तुळांत गुंतलेल्या पाकळ्या. कंप पावणाऱ्या पत्र्यावर बारीक रेती आपोआप नक्षी धरते, हे मी प्रयोगशाळेत पाहिलं होतं. इथे किनाऱ्यापासून बांधापर्यंत अख्खं पाणी नक्षी धरून उभं होतं. नक्षीच्या प्रत्येक खाचेत चिमुकले मासे, सगळे एकाच दिशेला तोंड करून, हलत नव्हते. ऊन त्या कडांवरून सांडत होतं.

नक्षी सावकाश फिरू लागली. मध्यावर ताई.

माझ्या पायाखालची वाळू वर आली. फार हळू, श्वास भरल्यासारखी. आणि तितक्याच हळू खाली बसली.

मला पळावंसं वाटलं नाही. मी हात जोडले होते, हे मला नंतर कळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग एका क्षणात पाणी सपाट झालं आणि लाटांचा गडगडाट कानांवर कोसळला.

ताई जागच्या जागी उभी होती. मी तिला धरून बाहेर आणलं. शहाळेवाली निघून गेली होती. रस्त्यावरची सगळी दारं लागलेली होती.

"अगं, अंघोळ काय साडीवर करतात?" भावोजी झाडाखालून उठत म्हणाले. मग आमचे चेहरे पाहून त्यांनी पटकन ताईचा दुसरा हात धरला.

परतीच्या बोटीवर नावाड्यानं या वेळी मोटर लावली नाही. बांध मागे पडेपर्यंत तो वल्हं मारत राहिला, तेही पाण्यात अलगद बुडवून. ताई माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत विचारलं, "काय म्हणत होतं ते?"

"बोलत नव्हतं रे ते," ती म्हणाली. "ऐकत होतं. ते ऐकतंय, एवढंच मला ऐकू येत होतं."

"कुणाला ऐकत होतं? तुला?"

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"आधी मला," ती म्हणाली. "मग तू टाळी वाजवलीस."

तिनं माझे दोन्ही हात ओढून घेतले, एकमेकांपासून लांब, आपल्या दोन गुडघ्यांवर ठेवले, आणि जहाज येईपर्यंत घट्ट दाबून धरले.