पिवळ्या फरशीपलीकडे

वेधशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. रात्रीची माणसं दुर्बिणीतून आभाळाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर उतरवत आणि उजाडलं की जांभया देत घरी जात. त्या काचा मोजायचं काम मात्र दिवसाचं. तळमजल्यावर उत्तरेच्या खिडकीपाशी तिचं मोजणीचं यंत्र होतं, शेजारी एक जाड नोंदवही आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं. एकोणीस वर्षं ती तिथे बसत होती. एवढ्या काळात तिने दुर्बिणीतून आभाळ पाहिलं ते फक्त दोनदा, तेही पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून.

काम सांगायला सोपं होतं. एकाच ताऱ्याच्या दोन काचा घ्यायच्या, एक आजची आणि एक सहा महिन्यांनंतरची. तेवढ्यात पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेली असते, म्हणून जवळचा तारा मागच्या बारीक ठिपक्यांच्या मानाने केसभर सरकलेला दिसतो. लांबचा सरकत नाही. नवीन माणूस आला की ती त्याला अंगठाच दाखवायला लावायची.

"हात लांब करा, अंगठा वर. आता एक डोळा मिटा. आता तो उघडून दुसरा मिटा. अंगठा उडाला की नाही? जवळ आहे म्हणून उडतो. उडत नाही तो लांबचा."

"आमच्या घरीही तसंच आहे," रात्रपाळीवाला एकदा म्हणाला होता. "जवळचे तेवढे उड्या मारतात. लांबचे शांत बसलेले असतात."

बहुतेक तारे उडतच नसत. त्यांच्यापुढे वहीत आकड्याच्या जागी एक आडवी रेघ ओढायची पद्धत होती. रेघ म्हणजे मोजता येणार नाही इतकं लांब. दिवसाकाठी अशा चाळीसेक रेघा ओढून ती पाच वाजता टेकडी उतरायची.

घरी वडील होते. ते घड्याळजी. वय बहात्तर, पण हात अजून स्थिर. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं कामाचं मेज होतं, आणि उजव्या डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर तिथेच वाकलेले असायचे. दारातून मेजापर्यंत जेमतेम तीन पावलं. मध्ये एक पिवळी फरशी होती, आणि घड्याळ उघडं असताना ती कुणीही ओलांडायची नाही हा घरचा कायदा. माणसाच्या श्वासानेसुद्धा बारीक स्क्रू उडून जातो. लहानपणी ती त्या फरशीवर उभी राहून परकराशी चाळा करत वाट बघायची. आई चहासुद्धा फरशीच्या अलीकडे, स्टुलावर ठेवायची.

नोकरी लागली त्या आठवड्यात तिने आईबाबांना अंगठ्याची गंमत दाखवली होती. बाबांनी भिंग काढून आईवर नेम धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा. "ही फार जवळची आहे. दिसेनाशी होते," ते म्हणाले, आणि आई लाजून आत पळाली. मग तिने दोघांना सांगितलं, की न उडणाऱ्या ताऱ्यापुढे वहीत नुसती रेघ ओढतात, आणि ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला वर्षं लागतात, आपण बघतो तो जुना तारा.

"म्हणजे तो आत्ता आहे की नाही ते कुणालाच ठाऊक नाही?" आईने आतून विचारलं.

"नाही."

"मग ते पत्रासारखंच झालं. लिहिणाऱ्याचं पुढे काय झालं, ते पत्रात थोडंच असतं."

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली होती. त्या दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा बाबा चौकातल्या मनोऱ्याचं घड्याळ उघडून बसले होते. निरोप पोचला, तर म्हणाले, एवढं चक्र बसवून आलोच. ते आले तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळी सगळे पांगल्यावर ती पिवळ्या फरशीवर उभी राहून म्हणाली होती, "अख्ख्या गावाची वेळ लावलीत, बाबा. आईची तेवढी चुकवलीत."

बाबांनी भिंग काढलं, पुसलं, परत डोळ्याला लावलं. डॉक्टरांनी नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं, की तासभर आधी आले असते तरी काही उपयोग नव्हता. हे तिने बाबांना सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. जेवायला वाढलंय, औषध घेतलं का, एवढ्यावर दोघांचं चालू राहिलं. फरशी तिने त्यानंतर ओलांडली नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते उत्तर उशिरा येतं हे. "चहा ठेवलाय," असं म्हणून ती स्वयंपाकघरात पोचायची, तेव्हा मागून "हं" यायचं. तिने दोष कानांना दिला. कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. त्यांनी बाबांच्या मागे उभं राहून टाचणी पाडली आणि बराच वेळ थांबल्या. शेवटी बाबांनी मान वळवली. "ऐकू उत्तम येतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जरा सावकाश येतंय, एवढंच." आणि स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटून त्या घाईने निघून गेल्या.

मग रात्रपाळीवाला आपलं मनगटी घड्याळ घेऊन आला. "किती दिवस लागतील, काका?" त्याने दारातून विचारलं. बाबा वाकलेलेच. तो पाच मिनिटं थांबला, घड्याळ स्टुलावर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती केर काढत होती, तेव्हा बाबांनी मान वर केली आणि रिकाम्या दाराकडे बघून हसत म्हणाले, "चार दिवसांनी या."

ती झाडू धरून तशीच उभी राहिली. बाहेर ढग दाटून आले होते, दिवसाढवळ्या दिवा लावायची वेळ आली होती. बाबांच्या गालावर मात्र उन्हाची तिरीप पडली होती. ऊन काल पडलं होतं.

ती घाबरली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण मोजायची सवय भीतीहून जुनी होती. तिने हात लांब केला, अंगठा वर, डावा डोळा मिटला, मग उजवा. अंगठा उडाला. मेज उडालं, खुर्ची उडाली, मागचं कॅलेंडरसुद्धा किंचित हललं. बाबा हलले नाहीत. सगळी खोली त्यांच्याभोवती डावीउजवीकडे सरकत होती, आणि ते मधोमध स्थिर बसून कसलंसं चाक पुसत होते.

त्यानंतर ती उत्तरांचा हिशेब ठेवू लागली. "आज भात मऊ झालाय का?" याचं उत्तर सहा दिवसांनी आलं. "पंखा लावू का?" याला तीन आठवडे लागले, तोवर थंडी पडली होती. स्टुलावरचा चहा मात्र रोज संपायचा, ताट रिकामं व्हायचं. कधी, ते तिला एकदाही दिसलं नाही. पुढे उत्तरंच थांबली.

वेधशाळेत एक जुना, बाद झालेला काचेचा कॅमेरा होता. मोठ्या साहेबांना विचारून तो तिने घरी आणला, पिवळ्या फरशीवर तिन्ही पाय खडूने आखून उभा केला आणि मेजाशी वाकलेल्या बाबांची एक काच काढली. कॅमेऱ्याला हात न लावता सहा महिने थांबली. मग त्याच जागेवरून दुसरी काढली.

"घरचे फोटो?" रात्रपाळीवाल्याने यंत्रावर डोकावत विचारलं.

"वडिलांचे."

"मागची भिंत कुठे गेली?"

भिंत नव्हती. बाबांच्या आकृतीभोवती काच नितळ होती, आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढे ठिपके विखुरले होते. असे ठिपके ती एकोणीस वर्षं पाहत आली होती. "काच जुनी आहे, डाग पडलेत," ती म्हणाली. त्यालाही ते बरं वाटलं असावं, कारण तो लगेच गेला.

ठिपक्यांच्या मानाने बाबा सरकले होते. केसभराहूनही कमी, पण सरकले होते. त्या कॅमेऱ्याच्या साध्या भिंगाला एवढं बारीक दिसणं शक्यच नव्हतं, हे तिला पुरतं कळत होतं. तिने सात वेळा मोजलं. सातही वेळा तोच आकडा आला. तिथून प्रकाश यायला नऊ वर्षं.

रेघ नव्हती, आकडा होता, याचंच तिला रडू आलं. पण अंतर वाढत होतं. आज निघालेला शब्द नऊ वर्षांनी पोचेल, उद्याचा त्याहून उशिरा, आणि एक दिवस असा येईल की पुढे रेघच. आईची वेळ चुकवल्याचं तिचं ते वाक्य बाबांबरोबर तसंच दूर चाललं होतं, आणि त्याच्या मागे काहीच पाठवलेलं नव्हतं. ती त्या दिवशी दुपारी एक वाजताच टेकडी उतरली.

बाबा मेजाशी होते. उन्हात, कुठल्या तरी दिवसाच्या.

तिने चपला काढल्या आणि पिवळी फरशी ओलांडली.

एक पाऊल. दोन. तीन.

मेज तेवढंच लांब होतं. तिने चौथं पाऊल टाकलं. पायाखाली तीच करडी फरशी, तोच गारवा. वीस फरशा झाल्या. त्या खोलीत सगळ्या मिळून लांबीला चौदा होत्या. चाळीस झाल्या. टिकटिक कमी कमी होत गेली. बाजूची भिंत कधी संपली ते कळलं नाही, आणि गारवा आता वरूनही यायला लागला.

साठाव्या फरशीवर ती थांबली. घाबरून मागे वळली.

दार एका पावलावर होतं.

ती पिवळ्या फरशीवर परत आली. मोठ्याने बोलायची गरज नव्हती, मोठ्याने बोलल्याने काही लवकर पोचत नाही. तरी ती ओरडलीच. "बाबा, माझं चुकलं. तुम्ही धावत आला असतात तरी आई राहिली नसती, डॉक्टर म्हणाले होते. मी सांगितलं नाही. माझं चुकलं, बाबा!"

बाबांनी चिमट्याने एक स्क्रू उचलला आणि जागेवर बसवला.

घड्याळात तीनला दहा कमी होते. तिने तारीख मनात धरली. नऊ वर्षांनी याच तारखेला ते शब्द पोचतील. उत्तर यायला पुढची नऊ. तेव्हा ती साठीला आलेली असेल. थांबता येईल, तिला वाटलं. वाट बघायची सवय आहे आपल्याला, याच फरशीवरची.

पदराने डोळे पुसून तिने पिशवीतल्या दोन्ही काचा उजेडात धरल्या. यंत्राखाली तिने फक्त कडा मोजल्या होत्या, चेहरा पाहिलाच नव्हता. काच काढताना बाबा वाकलेले होते, हे तिला पक्कं आठवत होतं. काचेवर ते ताठ बसले होते आणि सरळ तिच्याकडे बघत होते. हात लांब केलेला, अंगठा वर. पहिल्या काचेत डावा डोळा मिटलेला. दुसरीत उजवा.

ते तिला मोजत होते.

स्टुलाखाली त्यांची कामाची वही असायची, कुणाचं घड्याळ कधी आलं ते लिहायची. गिऱ्हाइकं कमी झाल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. तिने ती ओढून काढली. घड्याळांच्या नोंदी एका पानावर संपल्या होत्या. खाली आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, तिचं घरातलं नाव, ठकू, आणि पुढे एक आडवी रेघ.

त्याच्या खाली पुढची तारीख. ठकू. रेघ.

पानामागून पान. तीन वर्षांचा एकही दिवस सुटला नव्हता. तिला वाटत होतं की बाबा हळूहळू दूर गेले. इथे ती पहिल्याच दिवशी, एका वाक्यात, मोजता येणार नाही इतकी लांब गेलेली होती, आणि ते रोज अंगठा धरून बघत होते, की आज तरी उडते का.

शेवटची रेघ आजची होती. पुढची पानं कोरी. तिने ती उलटत नेली, नुसता हात चाळवावा म्हणून, पार शेवटच्या पानापर्यंत.

तिथे एकच ओळ होती. तारीख आजची, महिना हाच, साल नऊने पुढचं. अक्षर बाबांचं, जरा थरथरलेलं.

ठकू. तीन पावलं.

तिने त्या शब्दांवरून बोट फिरवलं, आणि अक्षर फरफटलं. शाई ओली होती.