नाव विचारायचं नाही

मधली सुट्टी संपून पाच मिनिटं झाली होती आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात स्ट्रॉबेरीचा वास दरवळत होता. ती थबकलीच. मुलं तिला पाठीमागे 'नाकवाल्या बाई' म्हणत, ते काही उगाच नाही. कुणाच्या दप्तरात ई-सिगारेट आहे, ते या विज्ञानाच्या बाईंना वर्गाच्या दारातूनच कळायचं. घरी आई म्हणायची, "त्या नाकाला दुसरं काम काय? आलेल्या स्थळाला मुरडायचं."

वासाच्या मागोमाग ती वर चढली. जिन्याच्या वळणावर कुणी पोर नव्हतं. चांगला तिशीतला माणूस होता, खिडकीतल्या वाऱ्याने केस विस्कटलेला.

"खिशात काय आहे?"

"माझ्या?"

"जिन्यात दुसरं कुणी दिसतंय का तुम्हाला?"

त्याने निमूटपणे खिसे रिकामे केले. रुमाल, किल्ली, आणि बूच लावलेल्या तीन चिमुकल्या बाटल्या.

"मी इसेन्स बनवतो," तो म्हणाला. "गोळ्यांचे, आइस्क्रीमचे. आंघोळ केली तरी वास जात नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसायला लहान मुलं भांडतात."

"लहान मुलंच?" हे तिच्या तोंडून निसटलं कसं, देव जाणे.

"मोठ्यांपैकी अजून तरी कुणी भांडलं नव्हतं..." तो हसला. "आजच सुरुवात झाली म्हणायची."

तिचे कान गरम झाले. आता बाई म्हणून काहीतरी कडक बोलायला हवं होतं, पण तिने नुसतीच त्याच्या हातातली एक बाटली उचलून हुंगली.

"माझी भाची नववीत आहे," तो हलकेच म्हणाला. "तिच्या कपाटात व्हेप सापडलं, म्हणजे ई-सिगारेट. ताई म्हणाली, शाळेत नाकवाल्या बाई आहेत, त्यांना भेट. कुठे भेटतील त्या?"

"भेटल्या," ती म्हणाली.

ती त्याला प्रयोगशाळेकडे घेऊन गेली. दाराबाहेर पुठ्ठ्याचा एक खोका होता. त्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं – 'व्हेप आत टाका. नाव विचारायचं नाही.' गेल्या वर्षी तिने दोघांना पकडून दिलं होतं. दोघांच्या हातात दाखला पडला. बाकीची पोरं सुधारली का? छे, लपवायला शिकली. तेव्हापासून तिला पकडण्याचाच वीट आला होता. ती वर्गात शिकवत होती, समजावत होती, आणि खोका मात्र रिकामाच. हेडसरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर काही आलं नाही, तर सोमवारपासून दप्तरं तपासायची, आणि सापडेल त्याला घरी पाठवायचं. सापडणार कोण, हे तिला ठाऊक होतं. त्यात त्याची भाचीही होती.

"ते व्हेप हातात घेतलं आणि लगेच ओळखलं," तो म्हणाला. "ब्लूबेरीचा वास... तो मी बनवलेला होता. ऑर्डर गोळ्यांसाठी म्हणून आली होती."

तिने विचारलं, "हे गुरुवारी वर्गात सांगाल?"

"मुलं माझी टर उडवतील."

"उडवू दे. मी आहे ना."

मंगळवारी तो 'बाटल्या कुठल्या आणू' ते विचारायला आला. बुधवारी विसरलेलं बूच न्यायला आला. बूच त्याच्या खिशातच होतं. ते तिला दिसलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

गुरुवारी भाचीच्या कृपेने तो सगळ्या वर्गाचा मामा झाला होता. त्याने दोन-तीन बाटल्यांतले थेंब एकत्र केले, कागदाच्या पट्ट्या बुडवल्या आणि बाकांवरून फिरवल्या.

"स्ट्रॉबेरी," सगळे एका सुरात म्हणाले.

"यात स्ट्रॉबेरीचा थेंबही नाही."

"म्हणजे आम्हाला मामा बनवलं?" मागच्या बाकावरून आवाज आला, आणि वर्गात खसखस पिकली. तोही हसला.

"हो. आणि बनवणारा मामा मीच." त्याने ब्लूबेरीची सगळी गोष्ट सांगितली. "वास गोड असतो, तो दुसऱ्यांदा घ्यावासा वाटावा म्हणून. ते माझं काम. आत निकोटिन असतं, ते तिसऱ्यांदा तुम्हाला विचारतही नाही. एवढ्या गोळ्या खाणार कोण, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी विचारलं नाही. चुकलं माझं. आता ती ऑर्डर मी बंद केलीय."

भाची खाली मान घालून बसली होती. आणि ती, हातातलं डस्टर विसरून खिडकीपाशी उभी होती. तिला तो आवडला होता. चाळीस पोरांसमोर 'चुकलं' म्हणणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

"खोका बाहेर आहे," ती मुलांना म्हणाली. "सोडताना चिडचिड होते, डोकं दुखतं. तेव्हा काय करायचं ते बोलायला या. मधल्या सुट्टीत मी इथेच असते."

शुक्रवारी हेडसरांसमोर तिने खोक्याचं झाकण उचललं. आत सात व्हेप होते, आणि खूपशा चिठ्ठ्या. 'सुटत नाही, मदत करा.' 'पहिल्यांदा मैत्रिणीच्या सांगण्यावरून ओढलं.' हेडसरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"दप्तरं राहू देत," ते म्हणाले. "खोका चालू ठेवा."

तिचे डोळे भरून आले. तळाशी एक चिठ्ठी राहिली होती.

'मलाही सवय लागली आहे. चार दिवसांत चारदा दुसरा मजला चढलो. रोज नवं कारण शोधावं लागतं. सोडायची इच्छा अजिबात नाही. काय करू?'

"कुणाची आहे?" हेडसरांनी मान पुढे काढली.

"नाव विचारायचं नाही, सर." तिने चिठ्ठी नाकाशी नेली. स्ट्रॉबेरीच होती.

शाळा सुटली तेव्हा तो जिन्याच्या त्याच वळणावर उभा होता.

"एक चिठ्ठी आलीय," ती म्हणाली. "केस कठीण दिसतेय."

"कुणाची, ते कळलं?"

"विचारायचा नियम नाही." ती एक पायरी जवळ आली आणि थांबली. "आज तुमच्या अंगाला स्ट्रॉबेरीचा वासच येत नाहीये."

"तीनदा आंघोळ केली. म्हटलं, एकदा तरी तुमच्यासमोर नुसतं... मी म्हणून यावं."

"साबणाचा येतोय. आणि थोडासा घामाचा."

"घाबरलोय."

"मी पण," ती म्हणाली. "त्या चिठ्ठीवाल्याला सांगा – सवय सोडवायला मी मदत करणार नाही. रोज यायचं. कारण न शोधता."

त्याने तिच्या हातातलं वह्यांचं ओझं घेतलं. घेताना बोटं बोटांना लागली, आणि दोघांनीही ती जरा उशिरानेच सोडवली.

बसमध्ये आज त्याच्या शेजारी बसायला एकही पोर भांडायला आलं नाही. जागा रिकामी होती. ती बसली.