अर्जावरचा शेरा

विषय: चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीतून नाव कमी करण्याबाबतचा अर्ज. संदर्भ: आमच्या कचेरीतला टाचणी.

हसू नका रे. माणूस खरा आहे, नाव तेवढं आम्ही ठेवलेलं. एकतीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. सुटा कागद दिसला की त्याला जेवण जायचं नाही. पक्का ख्रिस्ती. चर्चचा सेक्रेटरी तोच, म्हणून किल्लीही त्याच्याकडेच.

मग बायकोला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. दोन वर्षं तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची आणि साडेदहाला कचेरीत हजर. मंडळीने प्रार्थना केल्या, याने उपास केले. फरक शून्य. शेवटी त्याने चर्चच्या पाळकांना अर्ज लिहिला: 'माझा विश्वास उरलेला नाही, सबब माझे नाव कमी करावे.' मला वाचून दाखवला. मी म्हटलं, "मसुदा उत्तम आहे." दुसरं काय म्हणणार?

शनिवार, सतरा ऑक्टोबर. रात्री सव्वाअकरा. शेजारच्या नर्सबाई ड्यूटीवरून आल्या की थोडा वेळ बायकोजवळ बसायच्या. याला तेवढीच मोकळीक.

"भाऊ, बाराच्या आत या हं. मी पण माणूस आहे, भिंतीवरचं घड्याळ नाही."

"कागद ठेवायचा आणि यायचं, बाई."

पाळक परगावी होते. याने चर्च उघडलं, आतल्या खोलीत त्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला, दिवा घालवला, दाराला कुलूप लावलं. फाटकापाशी आला आणि थबकला. सही राहिली! बिनसहीचे अर्ज लोकांच्या तोंडावर परत करण्यात ज्याची हयात गेली, तो हा. चरफडत मागे फिरला.

कुलपात किल्ली घातली आणि... आत खुर्ची सरकली.

उंदीर असेल, तो म्हणाला. स्वतःशीच.

मग दुसरा आवाज. बारीक. कागदावर टाक चालतो तसा.

किल्ली एकच. याच्या हातात. खिडक्यांना गज.

आवाज थांबला. पावलं. बाकांमधून. सावकाश. दाराशी आली... आणि थांबली.

मध्ये एक फळी. अलीकडे हा. पलीकडे...

"कोण?"

...

नुसता श्वास. दमलेल्या माणसाचा असतो तसा.

पळाला असता, पण सही राहिली होती. त्याने किल्ली फिरवली.

कोणी नव्हतं. आतल्या खोलीत खुर्ची मागे ओढलेली. अर्जाच्या समासात निळ्या शाईत दोन शब्द. ओले. 'समक्ष बोलावे.' खाली लघुस्वाक्षरी, कोणाची ते लागत नाही.

तुम्ही कचेरीत बसला नाहीत, म्हणून सांगतो. साहेबाने असा शेरा मारला की समोर जाऊन बोलल्याशिवाय कागद हलत नाही. मंजूर नाही, नामंजूरही नाही. आणि टाचणी आयुष्यात शेऱ्याबाहेर गेलेला नाही. तो त्या खुर्चीसमोर बसला. दोन वर्षं प्रार्थनेत नुसती मागणीपत्रं वाचत होता. त्या रात्री पहिल्यांदा म्हणाला, "थकलो हो." मग खूप वेळ रडला. कोणीतरी ऐकत होतं, म्हणतो. घाईत नव्हतं, म्हणतो.

घरी पोचला तेव्हा पावणेदोन. नर्सबाईंनी उंबऱ्यावरच हजेरी घेतली.

बायको? आहे तशीच. तो पहाटे चारला उठून तिची कूस बदलतो, मग स्वतःची दुखरी कंबर धरून बसतो. पण रोज रात्री तिच्या उशाशी अर्धा तास बोलतो, तिच्याशी नव्हे, तिच्यादेखत. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. पाळकांना शेरा दाखवला, तर ते म्हणाले, "अक्षर माझं नाही. मी बॉलपेन वापरतो." मीही पाहिलंय. आठ साहेबांचं अक्षर लावण्यात माझी उभी नोकरी सरली. त्यातलं हे नव्हे.

गेल्या महिन्यात त्याला विचारलं, "काय रे, झालं का बोलणं?"

"चालू आहे," म्हणाला.

सही अद्याप झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.