कापलेल्या गवताचा वास

आमच्या कोर्टाची खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली सिमेंटचं आवार, मागे शेजारच्या इमारतीची भिंत. हिरवं म्हणावं असं आसपास काही नाही. कारकुनाने हौसेने आणलेली कुंडीसुद्धा उन्हावाचून वाळून गेली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मी तिथला स्टेनो. जे बोललं जाईल ते टिपायचं, मध्ये आपलं डोकं घालायचं नाही.

अर्ज तसा नेहमीचाच होता. रंगाच्या कारखान्याने एका कामगाराला काढून टाकलं, लवादाने कंपनीचंच बरोबर ठरवलं, आणि तो निवाडा रद्द करा म्हणून कामगार आमच्याकडे आला. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट. कारखान्यात त्यांना सगळे ‘नाकवाले’ म्हणत. गॅस कुठे गळला, तर आधी यांना कळायचं. मग गळती ओळखणारी नवी यंत्रं बसली. त्यानंतर नाकवाल्यांनी दोनदा भोंगा वाजवून अख्खी शेड रिकामी करायला लावली आणि दोन्ही वेळा यंत्रांचा काटा शून्यावर. दुसऱ्यांदा त्यांनाच बाहेर काढलं.

“म्हणजे यंत्रं खोटी आणि यांचं नाक खरं!” कंपनीचे वकील म्हणाले. “उद्या यांना पडसं झालं तर कारखान्यालाही रजा द्यायची का?”

खोलीत हसू पसरलं. नाकवालेही कसनुसं हसले, पाहुण्यांत चेष्टा झाल्यावर हसावं तसं.

“वास कसला येतो?” जजबाईंनी विचारलं. खरं तर तो प्रश्न त्यांच्या कामातला नव्हता.

“कापलेल्या गवताचा, मॅडम. ताज्या. बरा वाटतो, तेच तर वाईट. आणि आत फार वेळ राहिलं की नाक मरतं, मग काहीच येत नाही. तोवर छातीत शिरलेला असतो.” ते एक पाऊल पुढे आले. “पगार नका देऊ. मला नुसतं आत उभं राहू द्या. हे नाक देवाने दिलंय, ते घरी बसवून काय करू? घर चालावं म्हणून माझी मुलगी आता त्याच शेडमध्ये लागलीये.”

जजबाईंनी चष्मा काढून पुसला. “काका, लवाद चुकला का, हे मला तपासता येत नाही. त्याने दोघांचं ऐकून घेतलं का, आपल्या अधिकारात राहिला का, एवढंच मला बघता येतं.”

“ऐकलं त्यांनी. खोटं कशाला बोलू? सगळं ऐकलं.”

तेव्हा तो वास मला पहिल्यांदा आला. अगदी पुसट. कुणाच्या तेलाबिलाचा असेल, म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत शिपाई म्हणाला, “आज खाली गवत कापलं का हो कुणी?” आणि स्वतःच खिडकीतून सिमेंटकडे बघत राहिला.

पुढच्या तारखेला वास दारातच भेटला. कंपनीच्या वकिलांनी बोलता बोलता रुमाल नाकाला लावला. “सर्दी,” ते म्हणाले. जजबाईंनी खिडक्या उघडायला सांगितल्या. उघडल्या. वास हलला नाही. नाकवाले एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आजारी लेकराला घेऊन दारोदार फिरणारा बाप बघेल तसे. ज्याच्याकडे ते बघत, तो कागदात मान घालायचा.

निकालाच्या दिवशी डोळे चुरचुरत होते. सगळ्यांचेच.

“लवादाच्या निवाड्यात हस्तक्षेप करण्यास कारण दिसत नाही,” जजबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “अर्ज फेटाळला.”

नाकवाले हात जोडून उभेच. “मॅडम, तुम्हालाही येतोय ना?”

पंखा फिरत होता.

“हे टिपू नका,” जजबाई मला म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बोटं उचलली.

काही दिवसांनी निकालाची नक्कल न्यायला त्यांची मुलगी आली. भरदुपारी. बापासारखंच पुढे आलेलं कपाळ.

“बाबा कसे आहेत?”

“पडून असतात. भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तर म्हणतात, आधी जवळ ये, तुझा वास बघू दे. मग रडतात.”

ती नकलेचं पाकीट घ्यायला काउंटरच्या खिडकीशी वाकली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारचा कारकून खोकत उठून गेला. तिच्या केसांतून, ओढणीतून, श्वासातून येत होता तो. गोड. ताजा.

“शेडमधून आलीस?”

“हो ना. आता बाबांचंच काम दिलंय मला, गळती हुंगायचं. साहेब म्हणाले, बापाचं नाक पोरीकडे आलंच असेल.” ती हसली. “बरं आहे काम, काका. बसूनच असतं.”

“पोरी,” मी म्हटलं, “आत्ता, इथे, तुला काही वास येतोय?”

तिने शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

“नाही हो, काका,” ती म्हणाली. “कसलाच नाही.”