परवलीचा शब्द

"परवलीचा शब्द?"

दारातला तरुण गोंधळला. "अहो, मी चिऊचा मामा. ताई डॉक्टर आहे ना, ऑपरेशन थिएटरात अडकलीय, म्हणून मी…"

"ते कळलं. शब्द?"

तेवढ्यात चिऊ "मामाऽऽ" करत धावत आली. पाळणाघराच्या मावशीने तिला अलगद कडेवर घेतलं. मावशी जेमतेम पंचविशीची, पण दाराशी पहाडासारखी उभी. आईबापांनी ठरवलेला शब्द सांगितल्याशिवाय मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही, हा तिचा नियम होता.

"हिला तर पटलंय ना मी मामा आहे ते!"

"तिला चॉकलेट देणारा प्रत्येक जण मामा वाटतो."

आता हा चिडणार, तिला वाटलं. सगळेच चिडत. ठरत आलेलं तिचं लग्न याच पायी मोडलं होतं. तिने मुलाच्या नोकरीची चौकशी केली आणि "आत्तापासून एवढा अविश्वास?" म्हणत तो उठून गेला. तेव्हापासून आई येता-जाता म्हणे, "शंका जरा कमी काढत जा गं. एकटी राहशील."

हा मात्र पायरीवर फतकल मारून बसला. वर हसला! "बँकेत कॉम्प्युटरची सुरक्षा बघतो मी. लोकांना हेच सांगून घसा बसलाय माझा."

अखेर ताईचा फोन लागला, शब्द मिळाला. चिऊची सुट्टी नोंदवायला मावशी कॉम्प्युटरपाशी बसली. पासवर्ड टाकताना ती सवयीने पुटपुटली, "पाखरं…" आणि सतरंजीवरची पोरं एका सुरात ओरडली, "एक दोन तीन!"

तो हसायचा थांबला. "दारावर पाटी कसली आहे?"

"पाखरं," ती हळूच म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. मुलांचे पत्ते, फोटो… सगळ्यांचे परवलीचे शब्दसुद्धा त्यातच होते. दाराशी एवढा पहारा आणि इथे सताड उघडं!

"मी उद्या येऊ?" त्याने विचारलं. ओरडला नाही, की शहाणपणा शिकवला नाही.

तो आला. मग येतच राहिला. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार शब्द घ्यायचे, म्हणाला. पासवर्ड लांब होतो, ओळखता येत नाही, आणि आपल्याला मात्र आठवतो. एका खात्याचा दुसऱ्याला वापरायचा नाही. बाकीचे सांभाळायला पासवर्डची तिजोरी म्हणून एक ॲप, आणि आत शिरताना फोनवर येणारा आकडा वेगळा.

"तो आकडा कुणाला सांगायचा नाही. मलाही नाही."

ती टाइप करू लागली की तो पाठ फिरवून खिडकीशी उभा राही. त्याची ती पाठ… तिला बघत बसावंसं वाटे. सगळं कळलंच पाहिजे असं म्हणणारी माणसं तिने पाहिली होती. न बघणारा हा पहिलाच.

शेवटचं खातं झालं त्या संध्याकाळी तो जायला निघेना. चपलेत पाय घातला… काढला.

"एक विचारू? लग्न कराल माझ्याशी? लगेच सांगू नका. माझी नीट चौकशी करा. ऑफिसात विचारा, ताईला विचारा…"

"राग नाही येणार?"

"न विचारता हो म्हणालात तर काळजी वाटेल."

ती बाहुल्या आवरत राहिली. बराच वेळ. कान मात्र लाल झाले होते.

"ताईंना विचारून झालंय," ती म्हणाली. "मागच्याच आठवड्यात."

"मागच्या…? पण मी तर आत्ता विचारलं!"

तिने आणखी एक बाहुली उचलली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं.

"काय म्हणाली ताई?"

"तुम्ही घोरता म्हणाल्या. फार."

"आणि… तरी?"

तिने शेवटची बाहुली टोपलीत ठेवली, पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तरी."