सीमारेषेजवळची निळी खुर्ची

“उद्या मी काही मॅचला येणार नाही,” थालीपीठ थापता थापता अरुणा म्हणाली, आणि तिने मुद्दामच मान वर केली नाही. वर केली असती तर मायराचे डोळे दिसले असते, आणि ते डोळे दिसल्यावर तिच्याने खोटं बोलवलं नसतं!

मायरा दाराशी बसून बुटांना लागलेला चिखल खरवडत होती. तिचा हात थांबला.

“ड्यूटी आहे?”

“नाही, सुट्टीच आहे. पण दिवसभर त्या गार वाऱ्यात बसायचं, आणि मला काय कळतं त्यातलं? घरी चार कामं तरी होतील.”

“इट्स फाइन,” मायरा म्हणाली. बूट तिथेच टाकून ती वर गेली, आणि तिच्या खोलीचं दार अगदी हळू लागलं... ते आपटलं असतं तर अरुणाला बरं वाटलं असतं!

राजीवने लॅपटॉप मिटला. “उद्या तिचं सिलेक्शन आहे, अरुणा. पोरगी वर्षभर या एका दिवसासाठी झिजली, आणि तुला थंडी आठवते? तिची आई, श्रद्धा, अंगात ताप असताना जाऊन बसायची.” आणि जे आजवर या घरात कोणी उच्चारलं नव्हतं ते तो बोलून गेला. “शेवटी पोटची नाही ना ती तुझी!”

थालीपीठ तव्यावर करपलं. अरुणाने ते उलथन्याने खरवडून काढलं आणि नवा गोळा थापायला घेतला. बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. पण बोललं तर सगळंच वाया गेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी ती लेस्टरच्या या घरात राजीवची दुसरी बायको म्हणून आली. त्याआधी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि भाड्याच्या खोलीवर येऊन एकटीने जेवायचं, एवढाच तिचा संसार. घरात आली तेव्हा मायरा पंधरा वर्षांची, आईवेगळी, अबोल. तिला ‘मावशी’ म्हणायची आणि पाहुण्यांशी बोलावं तशी अदबीने बोलायची. त्या मुलीचं सगळं जग तिच्या उजव्या मनगटात होतं. ती लेगस्पिन टाकायची. अरुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकराचं मन जिथे आहे तिथे आपण जाऊन बसावं, एवढं तिला कळत होतं. गॅरेजमध्ये तिला एक निळी घडीची खुर्ची सापडली, कापड उसवलेली, धूळ खात पडलेली. ती तिने धुतली, जाड दोऱ्याने शिवली, आणि शनिवारी ड्यूटी नसेल तेव्हा मैदानावर नेऊन सीमारेषेजवळ मांडू लागली.

गेल्या आठवड्यात तिथेच जेकबकाका तिच्याजवळ येऊन उभे राहिले. जेकब पेणकर मूळचे मुंबईचे, बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातले, वयाने सत्तरीपार. काउंटीसाठी ते नवी पोरं पारखायचे, आणि इंग्रज लोकांत दिवस काढून मराठीला आसुसलेले असायचे.

“शनिवार हा आमचा देवाचा दिवस, पोरी,” ते हसून म्हणाले, “आणि मी इथे गवत बघत बसतो! वर गेल्यावर मला जाब विचारणार आहेत. बरं, तुझ्या लेकीचं मला कोडं पडलंय. एका शनिवारी बघावी तर सोनं, पुढच्या शनिवारी माती! हात तोच, मनगट तेच. पुढच्या मॅचनंतर मला वर सांगायचंय, काउंटीच्या दुसऱ्या संघात हिला घ्या, नाहीतर सोडा. तू घरात असतेस. काय बदलतं गं? झोप? खाणं?”

“बघते, काका,” ती म्हणाली, आणि घरी जाताना आठवू लागली. सोन्याचे दिवस कोणते? तिला सुट्टी मिळाली नाही तो दिवस. पाहुणे आले म्हणून ती घरी राहिली तो दिवस. बर्मिंगहॅमला ट्रेनिंगला गेली होती आणि ट्रेनमध्येच राजीवचा आनंदाचा फोन आला, तो दिवस! आणि मातीचे दिवस? ज्या ज्या दिवशी ती निळ्या खुर्चीत बसून, हातात सरबताची बाटली धरून, मनातल्या मनात देवाचा धावा करत होती... ते सगळे!

बापलेक मैदानावर मागे थांबले होते; बसमध्ये एकटीच बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आपणच! जिचं भलं व्हावं म्हणून जीव टाकतो, तिच्या वाटेत आपणच धोंड होऊन बसतो. आपलं तोंड दिसलं की लेकराचा हात बिघडतो... एवढी का आपण तिला नकोशी आहोत? आणि हे तिला सांगायचं तरी कसं? सांगितलं तर ती मुलगी भिडेखातर म्हणेल, नाही मावशी, तुम्ही याच. त्यापेक्षा आपणच वाईट व्हावं.

अशी ती वाईट झाली.

पण घरी तिचं मन राहीना. शनिवारी बापलेक गाडीने निघून गेल्यावर ती बस धरून मैदानावर पोचली आणि जेकबकाकांना गयावया करून त्यांच्या जुन्या गाडीत, मागच्या सीटवर, अंग आक्रसून बसली. गाडी कुंपणाच्या झुडपाआड होती. मध्ये रोलर ठेवायची शेड आल्यामुळे तिथून फक्त फलंदाज दिसायची, गोलंदाज नाही. मायरा दिसत नव्हती. दिसत होता तो तिच्या हातून सुटून शेडमागून बाहेर येणारा चेंडू... आणि त्या चेंडूकडे अरुणा अशी बघत होती, जणू तोच तिचं लेकरू!

पहिला चेंडू वाइड गेला. दुसरा आखूड, त्याला चौकार. तिसरा फुलटॉस, त्यालाही चौकार!

“देवा!” ती पुटपुटली. “आता तर मी नाही ना तिच्यासमोर? मग आता का?” जाऊनही दोष आपलाच, न जाऊनही आपलाच! काल रात्री ते लेकरू नीट जेवलंसुद्धा नव्हतं. आपण वाट मोकळी करायला गेलो आणि तिचं काळीज मोडून बसलो...

कर्णधाराने मायराची गोलंदाजी थांबवून तिला सीमारेषेवर पाठवलं, नेमकी गाडीच्या बाजूला. थोड्या वेळाने कोणीतरी जोरात फटका मारला, चेंडू झुडपातून घरंगळत गाडीखाली शिरला, आणि मायरा धावत आली. गुडघे टेकून तिने चेंडू काढला, उठून उभी राहिली आणि काचेतून आत बघतच राहिली.

मैदानातून हाका आल्या. तिने चेंडू फेकला. पण ड्रिंक्सची सुट्टी झाल्याबरोबर ती तडक येऊन गाडीचं दार उघडून उभी राहिली.

“तुम्ही घरी होता ना? इथे काय करता?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “मी समोर असले की तुझा हात बिघडतो, बाळा,” अरुणा कसंबसं म्हणाली. “मी नसले की तू छान टाकतेस. तुझं सिलेक्शन व्हावं म्हणून... मला खरंच थंडीबिंडी वाजत नाही गं!”

“नो, नो, तसं नाही आहे!” मायराचा चेहरा वेडावाकडा झाला. “तो खुर्ची आईचा आहे. आई तिथेच बसायची. मी बॉल टाकायला वळते, खुर्चीत कोणीतरी दिसतं, आणि एक सेकंद वाटतं, आई आली. मग कळतं, तुम्ही आहात.”

अरुणा चटकन गाडीतून खाली उतरली. परक्या बाईच्या हाताने आपण ती खुर्ची शिवली, आणि मोठ्या मायेने त्या आईच्या जागी जाऊन बसलो! “माझं चुकलं गं... मला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं, जुनी कुठलीतरी...”

“ऐका ना! मग कळतं तुम्ही आहात, आणि मला सॅड नाही वाटत. मला छान वाटतं! तुम्ही आलात म्हणून छान वाटतं! आणि मग मी स्वतःला म्हणते, किती वाईट मुलगी आहेस तू... आईच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलंय आणि तुला छान वाटतंय! मग बॉल कुठे जातो ते मलाच कळत नाही.” ती हुंदके देऊ लागली. “आज खुर्चीच नव्हता. आज तर मला काहीच टाकता नाही येत.”

अरुणाने तिला पोटाशी धरलं. राजीव केव्हा मागे येऊन उभा राहिला होता, कोणालाच कळलं नाही.

“मला माहीत होतं,” तो खाली मान घालून म्हणाला. “तू ती खुर्ची शिवत होतीस तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण ती पुन्हा उघडलेली बघून मला बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो. आणि काल तुला... कुठल्या तोंडाने मी ते बोललो, अरुणा!”

“राहू द्या हो,” ती म्हणाली. “तिच्यासमोर नको.”

मायराने बाहीने नाक पुसलं. बापाच्या गाडीची डिकी उघडून तिने निळी खुर्ची बाहेर काढली, सीमारेषेजवळ जुन्याच जागी नेऊन मांडली आणि म्हणाली, “बस ना.”

“नको गं. ती तिची आहे.”

“आय नो. मी सांगितलंय तिला. आत्ता, येता येता.”

“अगं ए!” जेकबकाका लांबून ओरडले. “पंच वाट बघतायत! रडायचं असेल तर विकेट काढ आणि मग रड!”

मायरा रडता रडता हसली आणि पळाली.

तिला पुन्हा गोलंदाजी मिळाली. पहिला चेंडू तिने छान उंच दिला, आणि फलंदाजाने तो थेट झाडीत भिरकावला. अरुणाने तोंडावर हात घेतला. पण मायरा वळली, खुर्चीकडे एकदा नीट बघितलं, डोळे न चोरता, आणि पुढचा चेंडू आणखी उंच, आणखी हळू टाकला. फलंदाज पुढे धावली, चेंडू तिला चकवून वळला आणि यष्ट्या उडाल्या!

“हे बघायचं होतं मला,” काका समाधानाने म्हणाले. “विकेट कोणालाही मिळते, पोरी. मार खाल्ल्यावर जी चेंडू आणखी वर देते, ती टिकते. दुपारपर्यंत मी ‘सोडा’ म्हणणार होतो. आता ‘घ्या’ म्हणेन. पण सांगून ठेवतो, वाइड अजून टाकणार ही! दोन वर्षं जीव खाईल तुमचा.”

“खाऊ दे,” अरुणा म्हणाली.

राजीव गवतावर बसला होता. अरुणा खुर्चीच्या अगदी कडेला अंग चोरून बसली होती, उरलेली अर्धी जागा तिने हाताने पुसून, तशीच मोकळी ठेवली होती.