भाडेकरूसकट फ्लॅट

भीमाबाईंच्या फ्लॅटची रजिस्ट्री उद्यावर आली होती. इस्पितळात परिचारिका म्हणून राबून जमवलेली सगळी पुंजी त्या मनीषनगरातल्या या फ्लॅटमध्ये घालणार होत्या. फ्लॅट भाडेकरूसकट मिळत होता, म्हणजे पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू.

"म्हातारपणी कोणापुढं हात पसरायचा नाही मले," त्या प्रेमलताबाईंना म्हणाल्या. "भाडेकरू सरळ हाये का, तेवढं पाहून द्या."

खासगी गुप्तहेर प्रेमलताबाई त्यांच्यासोबत मेच्या भर दुपारी निघाल्या. मागे त्यांचा सहायक अंकुश. संशय घ्यायला हा सर्वांत पुढे, अक्कल मात्र जरा उशिरा पोचायची.

फ्लॅटचे मालक गोपाळराव खालीच उभे होते. नव्या घरमालकांना शहाणपण शिकवायची त्यांना भारी हौस. रिकामा फ्लॅट घेऊ नये, टिकलेला भाडेकरू पाहूनच घ्यावा, असं त्यांनी जिना संपेपर्यंत ऐकवलं. बोअरला बारमाही पाणी आहे, हेही कुणी न विचारता सांगून टाकलं.

वर सौरव आणि पायल हे भाडेकरू जोडपं होतं. सौरव बुटीबोरीच्या कापड गिरणीत कामाला. तीन वर्षं इथंच राहतो, असं तो खाली मान घालून म्हणाला. फळीवर बुद्धाची तसबीर होती. खिडकीतला कूलर घरघरत होता, तरी अंकुशचा घाम सुकत नव्हता. पायलने विकतच्या बाटलीतलं पाणी दिलं. आधी कुठं राहत होता, असं विचारताच तिचे डोळे भरले.

प्रेमलताबाई गॅलरीत जाऊन कूलर मागून पाहून आल्या. हे दोघं फ्लॅट बळकावणार, असं अंकुशने त्यांच्या कानात सांगितलं.

"मे महिन्यात नागपुरात कोरडा कूलर कोण चालवते गा, अंकुश?" त्यांनी मोठ्यानेच विचारलं.

अंकुश कूलरमध्ये डोकावला.

"ज्याच्या घरी पाणी नाही तो," त्यांनीच उत्तर दिलं.

बोअरच्या खाऱ्या पाण्याने एका उन्हाळ्यात कूलरच्या गवती ताट्यांवर पांढरा थर बसतो आणि खालच्या भिंतीवर ओघळ उतरतात. इथं तीन उन्हाळे झाले म्हणे, आणि ताट्या दुकानातून आणल्यासारख्या, भिंत कोरी. म्हणजे कूलर नवा आणि भाडेकरूही. घर नांदतं दिसावं म्हणून गोपाळरावांनी दोन्ही आणून ठेवले. पण कूलर दुपारभरात बादल्या रिचवतो, त्या कुठून आणणार? हे सांगून प्रेमलताबाईंनी मोरीतला नळ सोडला. तो नुसताच खरखरला.

पायलला रडू कोसळलं. "आडनाव सांगितलं का खोली आधीच गेलेली असते, ताई. हे मालक म्हणाले, तीन वर्षं झाले म्हणा आन् महिनाभर फुकट राहा."

धंद्यात थोडंफार बोलावं लागतं, असं गोपाळराव शांतपणे म्हणाले. अंकुशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाईचं म्हातारपण लुटायचं, तेही दोन बेघरांच्या तोंडून खोटं वदवून, आणि वर हा माणूस त्याला धंदा म्हणतो! आपण चोर समजलो ते कोणाला, या विचाराने त्याचा संताप आणखीच वाढला.

भीमाबाईंनी गोपाळरावांना रजिस्ट्रीला येऊ नका म्हणून सांगितलं आणि त्या पायलकडे वळल्या.

"सामान बांध वं. सक्करदऱ्याले माह्या घरी वरच्या खोल्या रिकाम्या हायेत. फुकट नाही, भाडं घेईन. पण नळाले पाणी हाये."

सौरव पुढे झाला. "बाई, आमचं आडनाव..."

"ते मी विचारलं काय गा?" भीमाबाई म्हणाल्या आणि तसबीर उचलून जिना उतरू लागल्या.